अबकैकला फुलबॅक बघायला

सौदी अरेबियात बसून, अमेरिकेतल्या खेळासाठी, नाशिकच्या कबड्डीच्या नजरेने साक्ष देऊन आलेली बाई माझ्या माहितीत मी एकटीच आहे. परत आल्यावर गल्लीतल्यांनी मात्र खजूर किती आणले, सोनं खरंच स्वस्त आहे का आणि तिकडे बायकांना घराबाहेर पडू देतात का, एवढंच विचारलं. पडू देतात. विमानतळावर माझ्या पासपोर्टवर शिक्का मारणारी मुलगी विशीतली होती आणि आपल्याकडच्या कुठल्याही खिडकीपेक्षा भराभर काम करत होती. शेजारच्या काकूंनी आग्रहाने शिवून दिलेला काळा झगा मी बॅगेच्या तळाशी नेला आणि घडी न मोडता परत आणला. उपयोगी पडला का, असं त्या विचारतात. मी हो म्हणते.

मी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली आणि बरीच वर्षं कबड्डीच्या जिल्हा निवड समितीवर होते. माझा धाकटा भाऊ श्रीकांत सौदीतल्या अबकैक गावी खनिज तेलाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो आणि त्याची बायको माधवी मला वर्षानुवर्षं "ताई, या एकदा" म्हणत आले, पण ते आपण जिन्यात भेटलेल्या माणसाला चहाला या म्हणतो तसं. या वर्षी मात्र श्रीकांतने स्वतःहून तिकीट काढून पाठवलं. हा मुलगा लहानपणी स्वतःचा पेरू पाखरांनी खाल्लेला चालेल, पण बहिणीला द्यायचा नाही. शंका तेव्हाच यायला हवी होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा तन्मय अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकला आणि शिकता शिकता तिकडचा फुटबॉल खेळला. म्हणजे तो, ज्यात पायाला चेंडू क्वचितच लागतो आणि ज्याला तरीही फुटबॉल म्हणतात. दर एप्रिलमध्ये तिथले व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंमधून पाळीपाळीने आपापली माणसं उचलतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. कॉलेज संपवून तन्मय घरी आला होता आणि ड्राफ्टची वाट बघत होता. मी पोचले ती नेमकी या मुहूर्तावर, आणि हा योगायोग आहे असं मला वाटलं, यावरून निवृत्तीनंतर माणसाची बुद्धी कशी मंदावते ते कळावं.

रियाध, अल मलाझ

श्रीकांतची रियाधला मीटिंग होती, म्हणून त्याने मला तिथेच उतरवून घेतलं. मुक्काम मलाझमध्ये होता. मलाझ म्हणजे रियाधचा जुना भाग. आपल्याकडे जुनं म्हटलं की निदान पेशवाई तरी लागते, इथे माझ्या वयाची इमारत दिसली की लोक आदराने बोलतात. रस्त्यावर शिंपी, झेरॉक्सवाले, मोबाइलवाले आणि केरळी खाणावळी. पाच मिनिटं चालले आणि हिंदीशिवाय काही कानावर पडलं नाही. मी अरबीची चार वाक्यं पाठ करून गेले होते, ती तशीच कोरी परत आली.

रात्री मंदी नावाचा अरबी मांसभात खायला गेलो. पडदे लावलेल्या छोट्या खोल्या, खाली गालिचा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि कागदावर एक परात. परातीतला भात पाहून मला वाटलं, शेजारच्या खोलीचाही यातच आहे. नव्हता. दोघांचाच होता. वर अर्धी कोंबडी आडवी. आमच्या आईने लग्नाच्या पंगतीत एवढा भात वाढला असता तर लोकांनी तिला मोजून वाढ म्हटलं असतं.

तिथे श्रीकांतने मला खेळ समजावला. लिंबू म्हणजे चेंडू. हिरवी मिरची म्हणजे लिंबू घेऊन पळणारा. कांद्याच्या चकत्या म्हणजे शत्रू. आणि कोंबडीची तंगडी म्हणजे आमचा तन्मय, फुलबॅक. तंगडीने मिरचीच्या पुढे धावायचं, पहिली जी चकती आडवी येईल तिला पूर्ण वेगात धडकायचं आणि आडवं व्हायचं. तेवढ्या फटीतून मिरची पळून जाणार.

गुण कुणाला, असं मी विचारलं. मिरचीला, तो म्हणाला. आणि तंगडीला? तंगडीला काही नाही. शिवाय हल्ली बऱ्याच संघांना असा माणूस लागतच नाही, पुष्कळ जण ठेवतसुद्धा नाहीत. म्हणजे आपला मुलगा बंद पडत चाललेल्या खात्यात भरती व्हायला बसलाय, मी म्हटलं.  श्रीकांतने तंगडी उचलली आणि खाल्ली.

अबकैक

रियाध सोडल्यावर थोड्या वेळाने लाल वाळूचा पट्टा लागतो. तो मात्र खरंच सुंदर आहे, त्यावर माझ्याकडे वाकडं बोलायला काही नाही. वारा सुटला की वाळू डांबरावरून धुरासारखी सरपटत जाते. पुढे मग सपाट, पिवळं आणि तारांचं कुंपण, कुंपणापलीकडे उंट. उंटाच्या चेहऱ्यावर सतत शिक्षण उपसंचालकांचा भाव असतो.

अबकैकचं कंपाउंड, म्हणजे कंपनीची वसाहत, बघून वाटतं की वाळवंटात कुणीतरी अमेरिकेतलं एक गाव ठेवून विसरलंय. एकसारखे बंगले, हिरवळ, आणि त्या हिरवळीला सकाळ-संध्याकाळ पाणी. तन्मय इथेच वाढला. इंडियन स्कूलमधून आला की शेजारच्या अमेरिकन पोरांबरोबर हुंदडायचा आणि तिथेच त्याला हे वेड लागलं. दार उघडून तो पाया पडायला वाकला तेव्हा मला आधी कुणीतरी दिवाणच पुढे सरकवलाय असं वाटलं. कॉलेजात त्याला टँक म्हणायचे. आईसाठी तो अजून तनू आहे.

"आत्या, कशी आहेस तू? फ्लाइट ओके होती?" त्याने विचारलं आणि माझ्या दोन्ही बॅगा, माझी पर्स आणि माझा हातातला डबा एकाच हाताने उचलून आत गेला.

संध्याकाळी टीव्हीवर त्याच्या सामन्यांच्या चित्रफिती लावल्या. माधवीने चिवडा ठेवला. मी चष्मा पुसून निवड समितीसारखी बसले. चोवीस नंबरचा मुलगा काय सुरेख होता. कंबरेतून वळायचा, पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. मी भरभरून बोलले. हा मुलगा कुठल्याही संघात जाईल, म्हटलं. याच्या पावलांना तोड नाही. 

तन्मय म्हणाला, "आत्या, तो मार्कस आहे. मी फोर्टी-फोर."

चव्वेचाळीस कुठे आहे, मी विचारलं. तो म्हणाला, मार्कसच्या पुढे बघ, खाली. खाली माणसांचा ढीग होता. ढिगातून एक बूट बाहेर आला होता आणि तो आमचा होता. कबड्डीत सगळं गाव चढाईवाल्याकडे बघतं, पण निवड समितीने साखळीतल्या पोरांकडे बघायचं असतं, हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले. मग सगळ्या चित्रफिती पुन्हा लावायला लावल्या आणि या वेळी फक्त ढीग पाहिला. एक चित्रफीत लागली तेव्हा श्रीकांत पाणी प्यायला उठून गेला. तीत तन्मय पडला आणि बराच वेळ उठलाच नाही, मैदानावर माणसं धावत आली. पुढची लागल्यावर श्रीकांत परत येऊन बसला. त्याच्या हातात पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रीकांतने मला स्वतःचं संशोधन दाखवलं. त्याचा जन्म पंप आणि व्हॉल्व्ह विकणाऱ्यांच्या निविदा तपासण्यात गेला. त्याने या वर्षीच्या अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांचे फुलबॅक गोळा केले होते आणि ते निविदा आल्यासारखे एका तक्त्यात बसवले होते. आडव्या रांगेत माणसं, उभ्या रांगेत तांत्रिक पात्रता, पूर्वानुभव, दुरुस्तीचा इतिहास. दुरुस्तीचा इतिहास म्हणजे गुडघे आणि खांदे. नेब्रास्काच्या एका पोरापुढे त्याने लिहिलं होतं, "स्वीकारार्ह, मात्र डाव्या गुडघ्याबाबत खुलासा मागवावा." आपल्या मुलापुढे त्याने लिहिलं होतं, "अटींसह स्वीकारार्ह." माधवीने विचारलं, अटी कसल्या? तो म्हणाला, पाच-सहा जण उजवे आहेत, आणि आकड्यांना नातं कळत नाही.

तसं बघायला गेलं तर अमेरिकन लोकही काही वेगळं करत नाहीत. ड्राफ्टच्या आधी ते पोरांना हाफ चड्डीवर उभं करून उंची, वजन, हाताची लांबी आणि तळव्याची रुंदीसुद्धा मोजतात. पळून दाखव, उडी मारून दाखव म्हणतात. आमच्या वेळी मुलगी बघायला आलेले लोक फक्त चालून दाखव म्हणायचे आणि त्यावर केवढे लेख आले. मला स्वतःला एका स्थळाने खांदे रुंद आहेत म्हणून नाकारलं होतं. ते लोक अमेरिकेत असते तर मला पहिल्या फेरीत घेतलं असतं.

मात्र एक गोष्ट या थट्टेत बसत नव्हती. श्रीकांतने जुबैलला एका कंत्राटदाराकडे तन्मयची नोकरी पक्की करून ठेवली होती. पत्र आलेलं होतं, ड्राफ्ट संपला की रुजू व्हायचं. तन्मयने त्या पत्राला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी हिरवळीभोवती फिरताना मी त्याला सरळ विचारलं.

"मला माहितीये, दे मे नॉट टेक मी," तो म्हणाला. "पण मला ट्राय करायलाच मिळालं नाही ना आत्या, तर मी जुबैलला बसून आयुष्यभर तेच थिंक करत राहीन."

होफूफ

शुक्रवारी होफूफला सहल. तिथे खजुराच्या बागा आहेत, करा नावाचा डोंगर आहे आणि त्या डोंगराच्या पोटात थंडगार गुहा आहेत. वाटेत मला उंट जवळून दिसावेत म्हणून श्रीकांतने गाडी रस्त्याखाली घातली आणि ती मागच्या चाकांवर बसली. इंजिनिअरने खाली उतरून चाकाचा कोन पाहिला, वाळूचा प्रकार पाहिला आणि वाळू फार मऊ आहे असा निष्कर्ष काढला. उंट आमच्याकडे बघत होते. जवळून दिसायचं त्यांचं काम झालं होतं.

तन्मयने आधी वडिलांना हाताला धरून बाजूला उभं केलं. आईला स्टिअरिंगवर बसवलं. मग गाडीच्या मागे जाऊन दोन पावलं मोजली, इकडे तिकडे बघितलं आणि खांदा लावला. इतका खाली वाकला की मला त्याची पाठ दिसेना. गाडी हलली, पुन्हा बसली. तो पुन्हा खाली गेला. तिसऱ्या वेळी गाडी उसळून सुटली आणि हा तोंडावर वाळूत पडला. उठला तेव्हा मिशीपासून भुवयांपर्यंत वाळू होती. ती त्याने पुसली नाही. आधी गाडी कुठवर गेली ते बघितलं आणि मग कोपर झटकलं. मी कैक निवड चाचण्या बघितल्यात. पोरगा पडल्यावर आधी कुठे बघतो ते मी बघते. बहुतेक पोरं पंचांकडे बघतात.

तेवढ्यात एक सौदी गृहस्थ पिकअपमधून दोर घेऊन आले. गाडी निघालेली पाहून त्यांना वाईट वाटलं. पण आले आहेत म्हटल्यावर उपकार केल्याशिवाय परत जाणं त्यांना पटेना, म्हणून त्यांनी थर्मासमधून कहवा आणि डब्यातून खजूर काढले. आपल्याकडे अडलेल्या गाडीभोवती वीस सल्लागार जमतात आणि चहा मात्र अडलेल्याने पाजायचा. गृहस्थांनी तन्मयचे दंड पाहून काय करतोस असं विचारलं. फुटबॉल खेळतो म्हणताच त्यांचा चेहरा उजळला, कुठल्या क्लबकडून, असं त्यांनी विचारलं. मग तन्मयने त्यांना तो दुसरा फुटबॉल सांगितला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आणखी दोन खजूर दिले.

गुहेत माधवी आणि तन्मय गेले. माझ्या गुडघ्यांचं निमित्त करून श्रीकांत माझ्याबरोबर बाहेर सावलीत बसला आणि तिकिटाचा उलगडा झाला.

"ताई, तो तुझं ऐकेल. तू निवड समितीवर होतीस," तो म्हणाला. "एवढंच सांग त्याला, की तुझ्या नजरेला तो कमी पडतो."

"आणि कमी पडत नसेल तर?"

"तरीही सांग."

मी त्याला आमच्या समितीचा रिवाज सांगितला. नात्यातला खेळाडू मैदानात आला की सदस्याने खुर्ची सोडून उठायचं, पार चहाच्या टपरीपर्यंत जायचं. तो म्हणाला, इथे टपरी नाही. दुपारी लाल हसावी तांदळाचा भात खाल्ला. बोकडाच्या मटणाबरोबर तो फार चांगला लागतो असं सगळे म्हणाले. मला त्या दिवशी चव कळली नाही.

दम्माम

दोन दिवसांनी निरोप आला, की एका संघाचा माणूस तन्मयच्या घरच्यांशी व्हिडिओवर बोलणार आहे. हे लोक खेळाडू घेण्याआधी घरी चौकशी करतात. स्वभाव कसा, घर कसं, पोरगा तग धरेल का. माधवीने एवढं ऐकलं आणि पडदे धुवायला टाकले.

मग तिने मला पोहे आणायला दम्मामला नेलं. संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या माणसाला पोहे कसे देणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, द्यायचे कुठे आहेत, समोर नको का दिसायला? दुकान मंडणगडच्या गफूरभाईंचं. कोकम, कुळीथ, उकडा तांदूळ, सुके बांगडे, सगळं तिथे मिळतं. पाव्हणे कोण, असं त्यांनी विचारलं. अमेरिकेचे, मुलाची चौकशी करायला, माधवी म्हणाली. गफूरभाईंचा चेहरा खुलला.

"मग जाडे न्या, भाभी. पातळ पोह्यांचा लगदा होतो, पाव्हण्यांसमोर इज्जत जाते," असं म्हणत त्यांनी एक मिठाईचा डबा वर ठेवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मुलीकडचे लोक चांगले असोत, अशी दुवाही दिली. माधवीने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. बहुधा तिचाही तोच होता.

पुन्हा अबकैक

ठरल्या संध्याकाळी आम्ही चौघं सोफ्यावर एका ओळीत बसलो. तन्मयला आईने झब्बा घालायला लावला होता. त्या झब्ब्याच्या शिवणी कुरकुरत होत्या. समोर टीपॉयवर पोहे, लाडू, मिठाई. पडद्यावर डेल नावाचा टोपीवाला माणूस होता आणि त्याच्यासमोर कागदी पेल्यात कॉफी.

त्याने विचारलं, मुलगा कसा आहे? आणि माझ्या भावाने व भावजयीने त्याची जी स्तुती केली ती मी जन्मात विसरणार नाही. फार शांत आहे. कधी आवाज चढवून बोलला नाही. कुणाला दुखवणं त्याच्या रक्तात नाही, मुंगीसुद्धा मारत नाही. शेवटचा कधी चिडला होता, डेलने विचारलं. कधीच नाही, माधवी अभिमानाने म्हणाली. हट्टी आहे का? छे, अजिबात नाही. आम्ही सांगू तसं वागतो, नको म्हटलं की सोडून देतो. स्वतःचा वरण-भात स्वतः करतो. बाहेरचं खात नाही.

पुण्या-नाशिकच्या कुठल्याही मुलीच्या बापाने एवढ्यावर साखरपुड्याची तारीख काढली असती. डेलला रोज पूर्ण वेगात दुसऱ्यावर आदळणारा माणूस हवा होता. त्याच्या भुवया प्रत्येक वाक्यागणिक वर जात होत्या. शेवटी त्याने विचारलं, हे जमलं नाही तर पुढे काय? श्रीकांतने जुबैलचं पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं. नोकरी तयार आहे, तुम्ही मुळीच संकोच करू नका, तो म्हणाला. डेलने पेन खाली ठेवलं. तन्मय स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. माधवीचं भाबडेपण होतं, पण श्रीकांतला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं. मला त्याचा राग आला आणि त्या पोराची फार दया आली.

निरोप घेता घेता डेल मला म्हणाला, तुम्ही खेळाडू निवडायचात असं तन्मय सांगत होता, तुम्ही काय म्हणाल? श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत बोलले, त्याचा अर्थ हा असा.

"याच्या आईबापांनी तुम्हाला हा जावई कसा होईल ते सांगितलं. आमच्यात अनोळखी माणूस मुलाची चौकशी करायला आला की हेच सांगतात. ते पत्रही बापाने मिळवलंय, मुलाने हो म्हटलेलं नाही. मी याची आत्या आहे, म्हणून मी मत देणार नाही. शुक्रवारी काय पाहिलं तेवढं सांगते."

आणि मी वाळूतल्या गाडीची हकीकत सांगितली. डेलने दोनच गोष्टी विचारल्या, पहिल्यांदा गाडी बसली तेव्हा तो थांबला का, आणि पडल्यावर त्याने आधी काय केलं. मी सांगितलं. त्याने पेन पुन्हा उचललं. मग मी म्हटलं, आता नियमाप्रमाणे मी उठते, आणि पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरात गेले. पोहे जाडेच होते, छान झाले होते.

श्रीकांत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझंच तिकीट, माझाच भात आणि माझ्याच मुलाच्या वाटेत तू, असं काहीसं जेवताना त्याच्या ताटवाटीच्या आवाजातून ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला अंगणात गाठलं. तो म्हणाला, प्लांटमध्ये शिरताना रोज दारावर सुरक्षेची पाटी वाचतो, कुणाच्या बोटाला खरचटलं तरी आम्ही चौकशी लावतो, आणि माझ्या पोराचा धंदा काय, तर डोकं आपटणं. त्या एका चित्रफितीत तो किती वेळ पडून होता ते मला माहीत आहे, ताई, मला पुन्हा ते बघवत नाही.  माझा राग तिथेच संपला. एवढं भ्यायला असशील तर त्याला तसं सांग, मी म्हटलं, नापास करायला बहीण कशाला मागवतोस?

शुक्रवारी जेवणानंतर त्याने तन्मयला समोर बसवलं. तक्ता नाही, पत्र नाही.

"मला भीती वाटते रे," तो म्हणाला.

"मला पण वाटते, बाबा," तन्मय म्हणाला. "एव्हरी टाइम."

 माधवीची ताटं उचलायची राहिली होती, ती तशीच राहिली.

शनिवारी ड्राफ्टचा शेवटचा दिवस होता. इथे संध्याकाळी सुरू झालेला तो प्रकार मी झोपले तरी चालूच होता. सकाळी उठले तेव्हा तन्मय हिरवळीवर एकटाच पळत होता. त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. श्रीकांतच्या निविदेतला नेब्रास्कावाला मात्र गुडघ्यासकट घेतला गेला होता. नाश्त्याला कुणी जुबैलचं नाव काढलं नाही. रविवार म्हणजे इथे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, श्रीकांत नेहमीसारखा प्लांटवर गेला.

तो परत येऊन बूट काढत होता, तेव्हा डेलचा फोन आला. तन्मयने उभ्यानेच ऐकला. ड्राफ्टमध्ये नाही, पण संघाचं तीन दिवसांचं शिबिर आहे, तिथे येऊन दाखव. आवडलास तर ठेवून घेऊ, नाहीतर हात मिळवून मोकळे. याच आठवड्यात निघावं लागेल. अमेरिकेचा व्हिसा त्याच्याकडे होता. अडचण सौदीची होती. इथे राहणाऱ्या मुलाला देशाबाहेर जाऊन परत यायचं तर त्याचा परवाना बापाच्या इकाम्यावरून, म्हणजे रहिवासाच्या ओळखपत्रावरून निघतो. बापाचा कफील, म्हणजे हमीदार, कंपनी आणि मुलाचा कफील बाप. परवाना बापाने आपल्या फोनवर काढायचा आणि परतायची मुदत किती, तेही बापानेच ठरवायचं. मुदत टळली की मुलाचा इकामा खलास.

तन्मयने काही मागितलं नाही. तो दारात उभा राहिला. माधवी हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून आली. श्रीकांतने एक बूट पायात, एक हातात अशा अवस्थेत त्याच्याकडे पाहिलं, मग बूट खाली ठेवला, चष्मा लावला आणि फोन काढला.

"शिबिर तीन दिवसांचं म्हणालास ना?"

"हो बाबा."

श्रीकांत खाली मान घालून बराच वेळ काहीतरी भरत राहिला. मला राहवेना. मागे जाऊन मी त्याच्या खांद्यावरून डोकावले. त्याने परतीच्या रकान्यात मिळेल तेवढी सगळ्यात लांब मुदत घातली होती.

"अरे, तीन दिवसांसाठी एवढे महिने?" मी म्हटलं.

"त्यांनी ठेवून घेतला तर मध्येच संपायला नको," तो म्हणाला आणि त्याने बोट टेकवलं.